कडून : इंदूबाई

डोंगर बोलत होता, पण त्याचं कुणी ऐकत नव्हतं. दोष डोंगराचा नव्हता, धारेवाडीच्या लोकांचाही नव्हता. निरोपावर नावच भलत्याचं लागत होतं.

$ निरोप -ला धारेवाडी -विषय "सूचना"
> पूर्वेच्या उतारावर आज जनावरं सोडू नका. जमीन हलते आहे.
> .

शेवटचा एकटा टिंब म्हणजे 'संपलं, पाठव'. सानिका शेलारने तो टिंब दिला, की वर वाडीत घरोघरी भिंतीवरचा डबा जागा व्हायचा आणि बातम्या दिल्यासारखा बोलायचा, "मूळ ॲट यंत्र तीन डोंगरकान, यांच्याकडून निरोप आला आहे." एवढं ऐकेपर्यंत माणसं दुसऱ्या कामाला लागलेली असायची.

"कोण हा मूळ?" विश्वजीत मोहित्याने एकदा तिला ओढ्यावर गाठून विचारलं. "कुठल्या गावचा? आमच्या म्हशीनं कुठं चरायचं ते सांगणारा हा कोण लागून गेला?"

"माणूस नाही रे तो. आमचा संगणक आहे."

"मग त्याला सांग, म्हैस माझी हाय."

आणि म्हैस पूर्वेच्या उतारावर गेलीच.

*

डोंगर बोलतो म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं.

वाडीपर्यंत इंटरनेटची काचेची तार कधीचीच गेलेली होती. केसाएवढी बारीक काच, तिच्यातून प्रकाश धावतो. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्या पोटात बारीकसारीक खोट असते, आणि त्या खोटेवर आपटून थोडा प्रकाश मागे फिरतो. एरवी हा परतलेला प्रकाश कुणाच्या कामाचा नाही. पण जमिनीत पुरलेली तार जराशी ताणली, अगदी माणसाच्या पावलाने दबली तरी, प्रकाश परतण्याचा ठेका बदलतो. तो ठेका सतत मोजत राहिलं, तर तारेचा हातहातभर तुकडा म्हणजे एकेक कान होतो. नवी तार टाकायला नको, डोंगर खणायला नको. जुन्याच तारेच्या टोकाला एक लेझर आणि एक संगणक बसवला की झालं. अशी केंद्रं घाटमाथ्यावर जागोजाग झाली. सरकारी कागदावर त्यांचं नाव लांबलचक होतं. लोकांनी त्याला डोंगरकान म्हटलं.

धारेवाडीचं केंद्र डोंगराच्या पायथ्याला, ओढ्याच्या अलीकडे. तिथे पडद्यावर डोंगर रेघांच्या रूपात दिसायचा. माती सरकायला लागली की रेघ हळूच वाकायची. डोंगर एकदम कोसळत नाही. आधी तो कणाकणाने सरकतो, मग सरकण्याचा वेग दुप्पट होतो, आणि पुन्हा दुप्पट व्हायला त्याला आधीपेक्षा कमी वेळ लागतो. असा तो वेळ आक्रसत आक्रसत शून्याला भिडला, की कडा सुटला. म्हणजे डोंगर सुटायच्या आधी सांगून सुटतो. फक्त ते माणसांपर्यंत पोचवायचं, एवढंच काम उरतं.

आणि ते एवढंच काम होत नव्हतं.

*

"-कडून लाव की," मुल्लासर म्हणाले. केंद्रात दोनच माणसं, मुल्लासर आणि सानिका. सरांच्या निवृत्तीला थोडा काळ उरलेला, त्यामुळे ते सगळं शांतपणे सांगायचे. "नाव दिलं नाहीस तर यंत्र आपलंच नाव ठोकून देतं. बसल्या जागी जो दाखल झालाय तो, आणि यंत्राचं नाव. तू 'मूळ' म्हणून दाखल होतेस, म्हणून निरोपही मूळकडून जातो. -कडून लिहून पुढे पत्ता दे. देशील तो पत्ता दिसेल."

"देईन तो? कुणाचाही?"

"असं बघ. जुन्या काळी पत्राला पाकीट असायचं आणि आत कागद असायचा. पाकिटाच्या मागे पाठवणाऱ्याचं नाव, कागदावर खाली सही. दोन्ही एकाच माणसाची असली पाहिजेत असा काही निसर्गनियम नाही. वाटेतली यंत्रं पाकीट तपासतात. पाकीट डोंगरकानचं आहे, डोंगरकानच्या दारातून निघालंय, म्हणून ती जाऊ देतात. आतल्या कागदावर तू काय लिहितेस ते आपल्या घरच्या शिस्तीवर आहे." मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "शिस्तीवर आहे, बरं का."

सानिकाने '-कडून डोंगरकान-केंद्र' लावून पाहिलं. लोक पूर्वीपेक्षा दोन शब्द जास्त ऐकायला लागले, इतकंच. '-कडून सानिका' लावलं. त्यावर वाडीत हशा झाला. "शेलारांची सानू? ओढ्यात चप्पल वाहून गेली म्हणून शाळा सुटेस्तोवर रडत होती, ती? ती आता डोंगर सांभाळणार?"

सानिका त्याच वाडीत वाढली होती. आईबाप सुरतेला कापडाच्या कारखान्यात, पोर वाडीत आत्याकडे. आत्या म्हणजे इंदूबाई कदम. वाडीची अंगणवाडी तिने चालवली, वाडीत शाळा नावालाही नव्हती तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत. धारेवाडीत आज ज्यांच्या मिशा पिकायला लागल्यात त्यांचंही नाक एकेकाळी इंदूबाईंनी पुसलेलं. ग्रामसभेत भांडण हातघाईवर आलं आणि दारातून नुसतं "काय रे?" ऐकू आलं, तरी दोन्ही बाजू खाली बसायच्या.

$ निरोप -कडून इंदूबाई -ला धारेवाडी -विषय "ऐका"
> पूर्वेच्या उतारावर आजपासून कुणी जायचं नाही. म्हणजे नाही.
> .

त्या दिवसापासून पूर्वेच्या उतारावर एक शेळीसुद्धा दिसली नाही. आठवड्याने तिथली माती एका बाजूने सरळ ओढ्यात आली. वाडीतून दोन बायका आत्याच्या पाया पडून गेल्या. आत्याला वाटलं, श्रावण आहे, कुठलंतरी व्रत असेल.

आत्याच्या घरचा डबा मात्र सानिकाने या निरोपातून वगळला. आपलाच निरोप आपल्याला आलेला आत्याने ऐकला असता, तर ती पोळपाट घेऊनच केंद्रात आली असती. सांगू हळूहळू, असं सानिकाने ठरवलं.

हळूहळू म्हणता म्हणता दोन पावसाळे गेले.

*

एक गोष्ट तिच्या ध्यानात आली नव्हती. ज्याच्या नावाने निरोप जातो, त्याच नावाला उत्तरही येतं.

डबा ऐकायचा, ऐकलेलं लिहून काढायचा, आणि ज्याच्याकडून निरोप आला त्याला परत पाठवायचा. इंदूबाईंचा पत्ता सानिकाने केंद्राच्या यंत्रावरच बनवलेला. म्हणजे उत्तरं सानिकाकडे.

कडून: मोहिते-घर
बाई, आलोच खाली. पण म्हस येत न्हाई. तुम्हीच बोला तिच्याशी.

कडून: जाधव-घर
बाई, बाळाला ताप आहे, शाळेत ओल असंल. यायलाच पाहिजे का?

जाधवांच्या प्रतीक्षाला सानिकाने इंदूबाई म्हणून उत्तर दिलं : ये, कोपऱ्यातली खोली कोरडी आहे, तुझ्यासाठी ठेवायला सांगितलीय. ते खरंही केलं. मग प्रतीक्षाचं पुन्हा आलं. आता तापाचं नाही, सासूचं. मग विश्वजीतचं, बायकोवरून.

कडून: मोहिते-घर
बाई, तोंडावर बोलाय येत न्हाई म्हणून हितं बोलतोय. प्राजक्ता साताऱ्याला नोकरी सोडंना. मी वाडी सोडंना. घरात एकटा बसलो की भिंतीवरचं घड्याळ बंद करून ठेवतो. काय करू?

उत्तर न देणं सानिकाला जमलं नाही. इंदूबाईंनी विश्वजीतला असं दारात उभं ठेवलं नसतं. फरक एवढाच, की खऱ्या इंदूबाईंनी आधी कान पिळला असता. सानिकाच्या इंदूबाई कान पिळत नव्हत्या. त्या विचारायच्या, "तू जेवलास का?" वाडीतले लोक आपसात म्हणायला लागले, बाई डब्यात फार गोड बोलतात हां. समोर गेलं की मात्र हायेतच त्या.

मुल्लासर एकदा मागून वाचत उभे राहिले. "सानिका, इशारा देण्यापुरतं मी गप्प बसलो. हे इशारा नाही."

"सांगते सर. या दिवाळीत सांगते."

"कुणाला आधी? इंदूबाईंना की वाडीला?"



*

आत्याचं घर वाडीच्याही वर, बांबूच्या बेटापलीकडे. सानिका रविवारी जायची. त्या रविवारी आत्याने चहा टाकला, साखर टाकली, आणि मग पदराची गाठ बघत राहिली. पदराला तीन गाठी होत्या.

"ह्या कशाच्या गं?"

"हीच साखरेची. टाकली की सोडायची." आत्याने एक गाठ सोडली. मग पाठमोरीच म्हणाली, "सानू, मला तू डोक्याच्या डॉक्टरकडं ने."

"का? डोकं दुखतंय?"

"दुखत असतं तर बरं होतं. प्रतीक्षा खरवस घेऊन आली परवा. म्हणाली, बाई, तुम्ही सांगितलंत तसं सासूला सरळ विचारलं, मोकळं झालं बघा सगळं. मी कधी सांगितलं? मला काय म्हणजे काय आठवंना. मी हं हं म्हणून खरवस ठेवून घेतला. मग तो मोहित्यांचा इशा, विश्वजीत. मला बघितलं की त्याचे डोळे भरतात. का भरतात? मी त्याला काय बोलले? आपल्या सासूबाईंचं असंच सुरू झालं होतं. आधी माणसांची बोलणी गेली, मग माणसं गेली. शेवटी मलाच विचारायच्या, तुम्ही कुणाच्या?"

चहा उतू गेला. दोघींपैकी कुणी उठलं नाही.

सांग, सानिका मनात म्हणाली. आत्ता सांग. पण समोर आत्या एवढीशी होऊन बसली होती. सानिका म्हणाली, "वयोमानाने होतं गं थोडं. नेते मी." आणि उतरताना स्वतःला एवढ्या शिव्या दिल्या, की बांबूच्या बेटातले बगळे उडाले.

त्यानंतर आत्याने वाडीत उतरणंच सोडलं. कुणी काही आठवून द्यायला नको, आपल्याला हं हं करायला नको. वाडीच्या लोकांना वाटलं, बाईंचे गुडघे. डब्यातून बोलतात की रोज.

*

भाद्रपदातली दुपार. गौरी येऊन गेल्या होत्या, पाऊस मात्र जायचं नाव घेत नव्हता. मोबाईलचा मनोरा सकाळीच आडवा झालेला. पडद्यावरची वरची रेघ आधी वाकली, मग उभीच राहिली. मुल्लासरांनी हिशेब दोनदा केला.

"संध्याकाळ बघत नाही हा," ते म्हणाले. "वाडी उतरव. मी शाळेत जातो, माणसं मोजून घ्यायला."

$ निरोप -कडून इंदूबाई -ला धारेवाडी -विषय "खाली या"
> आत्ताच्या आत्ता शाळेत. भांडी नको, गाठोडी नको. म्हातारं माणूस आधी. दावी सोडून द्या.
> .

डोंगराच्या पोटातल्या तारेवर सानिकाने वाडी उतरताना पाहिली. पाहिली म्हणजे, वाटेवर पावलांचे ठिपके उमटत गेले, मोठे, छोटे, चार पायांचे. एकामागून एक घर मुकं झालं. ठिपके ओढ्याच्या साकवावरून अलीकडे शाळेकडे आले. सगळी वाडी निघाली. तिने सुटकेचा श्वास टाकला.

आणि वरच्या टोकाला, बांबूच्या बेटापलीकडे, एक ठिपका उमटला. मग दुसरा. चूल ते ओटा. ओटा ते चूल.

वाडी उतरवायच्या रंगीत तालमीच्या वेळी सानिका आधीच जाऊन आत्याला घेऊन यायची, डोळे दाखवायचं निमित्त काढून कराडला न्यायची. आज घाईत तिने फक्त निरोप पाठवला, आणि निरोपात आत्या नव्हती. पण वाडीतल्या एकालाही आत्याला हाक मारावीशी वाटली नाही? तिने शाळेतल्या डब्यावर विचारलं. मुल्लासरांचं उत्तर लगेच आलं : "सगळे म्हणतायत, बाईंनीच तर बोलावलं, म्हणजे बाई आधीच खाली असणार. तुझ्याकडे नाहीत?"

बोलावणारा माणूस खालीच असतो. वाडीचं काहीच चुकलं नव्हतं.

*

$ निरोप -ला वरचं-घर -कडून

आणि इथे सानिकाची बोटं थांबली.

-कडून डोंगरकान-केंद्र
आत्या त्या आवाजावर टॉवेल टाकते.

-कडून तहसीलदार
"त्याला म्हणावं, आधी रस्ता कर."

-कडून इंदूबाई
देवा.

ज्या नावाने अख्खा डोंगर रिकामा होत होता, ते नाव फक्त एका घरी चालत नव्हतं.

$ निरोप -ला वरचं-घर -कडून सानिका -विषय "आत्या"
> आत्या, मी सानू. हातातलं टाक आणि खाली ये. डोंगर सुटतोय.
> .

ठिपके थांबले. मग डब्याच्या भिंतीकडे वळले.

कडून: वरचं-घर
अळूच्या वड्या वाफेवर हायत. तुझ्यासाठीच केल्यात. उतरवते आणि येते. पण आधी वाडीला सांग. तिथं पोरंबाळं हायत.

> वाडी केव्हाच उतरली. तूच राहिलीस. ये.

ठिपके डब्यापाशीच राहिले. मग आलं.

कडून: वरचं-घर
मला कुणी हाक मारली न्हाई. का मारली होती, आणि मी इसरले?

सानिकाने टंकायला हात उचलला, तेवढ्यात पुढचं आलं.

कडून: वरचं-घर
बघ, हे असं हाय. तू जा शाळेत, त्या पोरांकडं बघ. मी न्हाई येत. आज हाक इसरले, उद्या तुझं नाव इसरेन. त्यापेक्षा हितं बरी. तुला ओळखते तोवर बरी.

ठिपके नव्हते. आत्या बसली होती. पडद्यावर तिच्या बाजूला डोंगराची रेघ सरळ वर चाललेली.

सानिकाने विषय लिहिला नाही. बोटं आपोआप चालली.

> आत्या, तू काही विसरली नाहीस. प्रतीक्षाशी तू बोललीच नव्हतीस. मी बोलले. तुझं नाव लावून. यंत्रात कुणाचंही नाव लावता येतं. माझं ऐकत नव्हते, तुझं ऐकतात, म्हणून मी तुझं लावलं. मग ते उत्तरं द्यायला लागले आणि मीही देत सुटले. दोन वर्षं. इशाला, प्रतीक्षाला, सगळ्यांना. तुझं डोकं शाबूत आहे. खोटं मी बोलले, आणि तू घाबरलीस तेव्हाही गप्प बसले. आजही सगळ्यांना तुझ्या नावाने बोलावलं, म्हणून त्यांना वाटलं तू खाली आहेस. आता ये. नंतर काय मारायचं ते मार.
> .

डबा हे सगळं वाचून दाखवायला किती वेळ घेणार, ते सानिकाला ठाऊक होतं, आणि डोंगराला किती वेळ उरलाय तेही.

कडून: वरचं-घर
खरवसाचं पण मी इसरले नव्हते?

> नाही.

कडून: वरचं-घर
इशाचे डोळे?

> ते माझ्यामुळे भरले.

कडून: वरचं-घर
माझं डोकं बरं हाय.

> ठणठणीत आहे. ये ना गं.



कडून: वरचं-घर
पदराला गाठी मारत होते मी. देवाला म्हणत होते, एवढी सानू तरी राहू दे डोक्यात. आणि तू खाली बसून माझ्या नावानं गोड बोलत होतीस. मी तुझ्याशी बोलत न्हाई. जा.

रुसली. डोंगर निघालेला असताना इंदूबाई कदम रुसून बसली! सानिकाला रडूही आलं आणि हसूही. हे वडीलधारं माणूस समजावणीने उठणारं नव्हतं, आणि हुकमाने तर नव्हतंच.

> मग मी वर येते तुला न्यायला. निघाले.
> .

हा निरोप खोटा नव्हता. टिंब देऊन ती उठली, चपला शोधायच्या भानगडीत न पडता दाराबाहेर पडली. त्यामुळे लगोलग आलेलं उत्तर तिने वाचलं ते दुसऱ्या दिवशी. त्यात डब्याने आत्याचं ओरडणं आणि भांडं पडल्याचा आवाज दोन्ही प्रामाणिकपणे नोंदवलं होतं :

कडून: वरचं-घर
येऊ नकोस! ए सानू! साकवाला शेवाळ हाय, तुझा पाय धड पडत न्हाई कधी, थांब तिथंच, (धातूचा आवाज) मी आले, मी आले, थांब.

*

साकव ओलांडून पहिल्या वळणावर ती पोचते न पोचते तोच वरून आत्या आली. सत्तरी ओलांडलेलं माणूस उतारावर इतक्या वेगाने येऊ शकतं, हे तारेलासुद्धा नवीन असणार. पदर कमरेला खोचलेला, डोक्यावर इरलं उलटं.

"कुठं चाललीस गं वर? अक्कल हाय का? अनवाणी?"

"तुला आणायला."

"मला आणणारी! फीर मागं. साकवावर माझा हात धर. सोडलास तर याद राख."

"तू बोलत नव्हतीस ना माझ्याशी?"

"बोलत न्हाईच. चल."

साकव ओलांडून त्या शाळेच्या चढाला लागल्या, तेव्हा मागे कुणीतरी शेकडो दगडी जाती एकदम ओढायला घ्यावीत तशी घरघर सुरू झाली. पायाखालून आधी आली, मग कानात. बांबूचं बेट उभ्याउभ्या चालायला लागलं. चालत चालत घराजवळ गेलं, आणि मग तिथे बेटही नव्हतं, घरही नव्हतं, नुसता तांबडा उतार होता. वाडीच्या वरच्या दोन गोठ्यांपर्यंत येऊन तो थांबला.

आत्या बघत राहिली. सानिकाचा हात तिने इतका आवळला, की बोटं पांढरी पडली.

"वड्या," एवढंच म्हणाली.

*

शाळेच्या मोठ्या वर्गात सगळी वाडी बसलेली. आत्या दारात आली तशी माणसं उठली.

"बाई, तुम्ही आत्ता आलात?" प्रतीक्षा म्हणाली. "आम्हाला वाटलं, तुम्ही आधीच... तुम्हीच तर बोलावलंत."

आत्याने तोंड उघडायच्या आत सानिका पुढे झाली. वाडीसमोर उभी राहून तिने सगळं सांगितलं. यंत्रात नाव कसं लावतात ते, पहिला निरोप, मग उत्तरं. कुठेही थांबली नाही, कारण थांबली असती तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. मुल्लासर कोपऱ्यात उभे राहून जमिनीकडे बघत होते.

मग प्रतीक्षा आपल्या सासूकडे बघून तोंडावर पदर घेऊन हसायला लागली. सासूही हसली. पण विश्वजीत उभा राहिला.

"म्हणजे घड्याळाचं... ते मी तुला सांगितलं?" त्याचा आवाज चिरकला. "दीड वरीस? मी बाईंना सांगतोय म्हणून सांगितलं. तुला कोण सांगणार होतं? कालची पोरगी तू!"

"चुकलं माझं, इशा."

"चुकलं म्हणजे? मी रडलोय त्या डब्यापाशी!"

सानिका उभी राहिली, त्याला जे बोलायचं ते बोलू देत. तो बोलला. म्हणाला, जीव वाचवलास ते ठीक, पण हे तुझं नव्हतं. वाडीतलं कुणी मधे पडलं नाही.

तो दमला तेव्हा आत्या म्हणाली, "झालं? आता हिकडं ये."

विश्वजीत आला. एवढा बाप्या माणूस, पण तिच्यासमोर येताना हात पाठीमागे गेले.

"बस. काय सांगत होतास मला दीड वरीस?"

"जाऊ दे आता, बाई."

"जाऊ दे कसं? माझ्या नावावर सांगितलंस न्हवं? मग मला ऐकायचा हक्क हाय. सांग पुन्हा."

त्याने खाली बघत सांगितलं. साताऱ्याची नोकरी, प्राजक्ता, वाडी, घड्याळ. लोकांनी जाणूनबुजून आपापसात बोलायला सुरुवात केली, त्याला आडोसा व्हावा म्हणून. सानिका उठून जायला लागली तर आत्याने तिचा हात ओढून तिला खाली बसवलं.

ऐकून झाल्यावर आत्याने पदर सावरला. मग मान वळवली.

"सानू. ह्यावर मी काय सांगितलं होतं?"

"आत्या..."

"अगं सांग की. काय म्हणाले होते मी?"

"म्हणाली होतीस, घराला कुलूप लाव आणि तू साताऱ्याला जाऊन बघ. महिनाभर राहा. नाही जमलं तर परत ये."

"हं. आणि म्हस?"

"म्हशीचंच तो म्हणत होता. मग तू... तू म्हणालीस, म्हैस मी सांभाळते."

"मी?"

"हो."

आत्याने एकदा सानिकाकडे पाहिलं, एकदा विश्वजीतकडे. गुडघ्यावर हात ठेवून पाठ सरळ केली.

"मग बसलायस काय?" ती विश्वजीतला म्हणाली. "शब्द दिलाय मी. रस्ता मोकळा झाला की साताऱ्याची गाडी धर. मला आता घर न्हाई, तुझ्याच घरी राहीन, म्हस दावणीला असलेली बरीच." मग सानिकाकडे वळून म्हणाली, "आणि बाई, तू पहाटे उठायचं. धार काढायला."

"मला येत नाही गं धार काढायला."

"मग इशा जायच्या आत शीक त्याच्याकडनं," आत्या म्हणाली. "लाथ मारते ती."

विश्वजीत अजून रागातच होता. तरी म्हणाला, "डावीकडनं बसायचं. उजवीकडनं बसलं की मारते."